गच्चीवर उभी पवनचक्की बसवायचीय? मग एवढं ऐकाच

सोसायटीच्या गच्चीवर उभ्या आसाची, म्हणजे उभ्या दांड्याभोवती फिरणारी, पवनचक्की बसवताय? उत्तम. साताऱ्यात आमच्या सोसायटीने नुकतीच बसवलीय, वर्गणी काढून. म्हणून चार युक्त्या सांगतो.

विक्रेता लॅपटॉप उघडून समुद्रातल्या तरंगत्या चक्क्यांचा व्हिडिओ लावेल, तेव्हा मान डोलवा. "काका, हेच भविष्य आहे." असेलही. उभ्या आसाच्या चक्कीत जड जनित्र मनोऱ्याच्या टोकाऐवजी तळाशी ठेवता येतं, चक्कीखालचा तरंगता तराफा कमी कलंडतो, आणि वारा कुठूनही आला तरी तोंड फिरवावं लागत नाही. फक्त आपली इमारत तरंगत नाही, हे मीटिंगमध्ये बोलू नका. चहा थंड होतो.

वाऱ्याचा वेग अजिबात मोजू नका.

पाटीवरच्या आकड्यावर श्रद्धा ठेवा. आमच्या पाटीवर एक किलोवॉट आहे, तोही सेकंदाला 12 मीटर वाऱ्यात. चक्की एक मीटर रुंद, दीड मीटर उंच. एवढ्या चौकटीतून त्या वेगाने जाणाऱ्या वाऱ्यातच मुळात साधारण 1,550 वॉट असतात. त्यातले फार तर 59.3 टक्के काढता येतात, ही बेट्झ या शास्त्रज्ञाने काढलेली मर्यादा. म्हणजे 920च्या आसपास. मोठमोठ्या चक्क्यांना ती गाठता येत नाही आणि आमच्या पत्र्याने ओलांडलीसुद्धा! बरं, वारा निम्मा झाला की वीज एक-अष्टमांश होते. पाण्याच्या टाकीला धडकून भोवरे घेत येणारा आमचा वारा सेकंदाला 3 मीटर धरा. उरले पंधरा वॉट. एक बल्ब! तोही चक्की फिरली तर. मंद वाऱ्यात ही बया आपणहून सुरूच होत नाही, वॉचमन वर जाऊन हाताने ढकलतो. त्याचा पगार कुणी धरला हिशेबात?

खडखडाटाची तक्रार करणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणा.

पुढे हाच विक्रेता चक्की कालव्यात सोडू म्हणेल. सोडू द्या, पाणी हवेच्या आठशेपट जड असतं, निदान तिथे काहीतरी निघेल.

आणि ठोसेघरला जाताना चाळकेवाडीच्या पठाराकडे बघू नका. आडव्या आसाचे ते दांडगे पंखे उघड्या माळावर, एवढ्या उंचीवर का उभे केलेत, असले प्रश्न पडतात.

अहो, 1,960 मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचं धरण ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसांना मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडता येत नाही? भर समुद्रासाठी डोकं झिजवणाऱ्या इंजिनिअरांच्या नावावर गच्चीवरची भिरभिरी विकता, लाज वाटत नाही? आणि अध्यक्षसाहेब, वर्षाला किती युनिट ते हमीपत्रात लिहून घ्या. तोवर उरलेला हप्ता माझ्याकडे मागायला येऊ नका.