पद्मिनी आणि पाणीपेपर

जुनी गाडी पूर्ण दुरुस्त झाली असं जो छातीठोकपणे सांगतो, त्यानं ती एकतर कालच ताब्यात घेतलेली असते किंवा परवाच विकलेली असते. मधल्या काळातला मालक असलं काही बोलत नाही. तो पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात असतो, हातात तुटकी क्लिप घेऊन. आणि दुकानदार ती क्लिप उजेडात धरून विचारत असतो, "ही कशाची?"

आमची गाडी १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. सासऱ्यांची. इटलीच्या फियाटचं '११०० डी' हे मॉडेल वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९६४ पासून कुर्ल्याला बनवायला घेतलं. तिचंच पुढे 'प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, पुढे एकच लांबलचक सीट आणि मागे दोन छोटे पंख. एवढ्यावरही ओळख पटत नसेल तर मुंबईची काळीपिवळी टॅक्सी आठवा. त्यातली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र अजून नोकरीत आहे. पेन्शनचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही.

इंजिनाबद्दल माझी काही तक्रार नाही. ते बंद पडतं तेव्हा सरळ बंद पडतं. प्लग काढा, पॉइंट घासा, कार्ब्युरेटर उघडा, कुठेतरी कचरा सापडतो आणि मेकॅनिक तो आपल्याला तळहातावर ठेवून दाखवतो. समाधान होतं. रंग आणि आतलं काम यांचं तसं नाही. तिथे दोष कधी सापडत नाही, तिथे दोषी सापडतो. आणि तो नेहमी दुसरा असतो.

आमच्याकडे हे दोन 'दुसरे' एकाच गल्लीत समोरासमोर आहेत. अलीकडे पेंटरचाचा, पलीकडे कुशनवाले काका. चाचांच्या मते कुशनकाम म्हणजे वर चकचकीत रेग्झिन आणि आत काय ते देव जाणे. काकांच्या मते पेंटिंग म्हणजे लांबीची पुट्टी थापायची आणि वर रंग मारून पत्रा असल्याचं भासवायचं. खाजगीत सांगायचं तर दोघांचंही मत मला पटलेलं आहे. दोघंही उत्तम कारागीर आहेत यातही वाद नाही. गाडी तयार होऊन आली तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले होते. सेक्रेटरींनी तर बॉनेटवर हात ठेवून काढला. तो ठसा पुसायला मी पहाटे उठलो.

पहिल्या पावसाळ्यानंतर ऊन पडलं आणि मागच्या चाकावरच्या मडगार्डवर साबुदाण्याएवढे फोड आले. मी गाडी चाचांकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हे रंगाचं नाही. हे हवेचं आहे."

"चाचा, हवा काय फक्त मागच्या मडगार्डलाच लागते?"

"तिकडूनच जास्त येते."

नंतर चहा पिताना खरं ते बाहेर आलं. लांबी म्हणजे पॉलिएस्टरची पुट्टी, आणि तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी असते. ही बया पाणी पिते. उघडी लांबी पाणीपेपरनं, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिशपेपरनं घासली आणि नीट वाळायच्या आत तिच्यावर प्रायमर मारला, तर ते पाणी आतच कोंडलं जातं. मग ऊन लागलं की त्याची वाफ होते आणि ती रंग उचलते. म्हणून लांबी कोरडी घासायची आणि पाणीपेपर प्रायमरवर काढायचा, हा नियम. चाचांना तो तोंडपाठ आहे. त्यांच्या पोराला नाही, आणि मडगार्ड पोरानं घासलं होतं, तेही ऐन जुलैत. "सिकतोय अजून," चाचा मायेनं म्हणाले. माझ्या मडगार्डवर.

फोड खरवडले, पत्र्यापर्यंत गेलो, पुन्हा सगळं थरावर थर. आता प्रश्न रंगाचा. गाडी पिस्ता रंगाची. आरसी बुकात नुसतं 'हिरवा' लिहिलंय, म्हणजे सरकारच्या दृष्टीनं पिस्त्यापासून शेवाळापर्यंत आम्हाला मोकळीक आहे. घरात नाही. सासूबाईंना तो रंग डोळ्यांत बसलेला आहे. रंग मिसळून देणाऱ्या दुकानात आजकाल कॉम्प्युटर असतो. कंपनी, मॉडेल, साल सांगितलं की सूत्र मिळतं. तिथल्या मुलानं 'प्रीमियर' टाइप केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी रेशनकार्डावर पेट्रोल मागतोय.

शेवटी डॅशबोर्डातल्या कप्प्याचं झाकण उघडलं. त्याच्या आतल्या बाजूला पन्नास वर्षांत ऊन लागलेलं नाही. तिथला रंग अगदी कुर्ल्याहून निघाला तसाच होता. तो हलकेच पॉलिश करून रंग वाचणाऱ्या यंत्राखाली धरला, सूत्र निघालं, रंग मिसळला, मडगार्डवर मारला. ट्यूबलाइटखाली दाराचा आणि मडगार्डचा रंग तंतोतंत जुळला. चाचांनी अभिमानानं शटर वर केलं, बाहेरचं ऊन आत आलं आणि मडगार्ड निळसर दिसायला लागलं. दोन रंगांतली रंगद्रव्यं वेगवेगळी असली की एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटते. लग्नं जुळवणाऱ्या मंडळींनीही मुलगा-मुलगी एकदा उन्हात बघावीत, असं माझं तेव्हापासून मत आहे.

"गाडी संध्याकाळीच काढत जा," चाचांनी उपाय सुचवला.

संध्याकाळी रस्त्यावर सोडियमचे दिवे लागतात. त्यात ती दोन्ही बाजूंनी खाकी दिसते.

हे चालू असताना पलीकडच्या दुकानातून काका हे सगळं शांतपणे बघत होते. त्यांची पाळी अजून यायची होती. गाडीच्या छताला आतून भोकाभोकांचं पांढरं रेग्झिन आहे. ते छताला चिकटवलेलं नसतं. आडव्या तारांच्या कमानींवर ताणून कडेनं चिकटवलेलं असतं. काकांनी ते डिसेंबरच्या एका सकाळी, स्वेटर घालून, ढोलकीसारखं ताणून बसवलं. एप्रिल आला, रेग्झिन पसरलं आणि दोन तारांच्या मध्ये झोळी झाली. पुढे बसणाऱ्याच्या केसांना ती अलगद टेकते. बायको म्हणाली, "अहो, ही गाडी जाता-येता डोक्यावरून हात फिरवते. घरात कुणी फिरवत नाही."

काकांना विचारलं तर म्हणाले, "छताचा पत्राच आतून खाली आलाय. इतक्या जाडीचा रंग मारल्यावर दुसरं काय होणार?" रंगाच्या वजनानं छत बसतं हा सिद्धांत त्यांनी इतक्या गंभीरपणे मांडला, की मी वर हात लावून पाहिला. मग मे महिन्यात, काचा बंद करून, गाडी भर दुपारी उन्हात ठेवली. रेग्झिन चांगलं सैल झाल्यावर काकांनी कडा सोडवून पुन्हा ओढून बसवल्या. गरम असताना ताणायचं, म्हणजे थंड झाल्यावर ते आणखी आवळतं. हे त्यांना ठाऊक होतं. डिसेंबरात का नाही केलं? "तेव्हा ऊन कुठे होतं?"

काम झाल्यावर त्यांनी खुशीत येऊन सीटवर आणि दारांच्या आतल्या रेग्झिनवर चकाकीचा स्प्रे मारला. फुकट. गाडीच्या कामात 'फुकट' हा शब्द ऐकला की आता मी खाली बसतो.

कारण लगेच नंतर चाचांनी दार रंगवायला घेतलं. रंग जुळत नाही तर मडगार्डशेजारचं दारच त्या रंगाचं करायचं, असा तह झाला होता. गननं पहिला हात मारला आणि ओल्या रंगात जागोजागी गोल खड्डे उघडले, प्रत्येकाच्या मध्यभागी एक ठिपका. चाचा भिंतीला टेकून ओरडले, "सिलिकॉन! कुणी मारलं सिलिकॉन?" चकाकीच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. त्याचा सूक्ष्म तुषार जिथे बसतो तिथून ओला रंग अंग चोरून मागे सरतो. याला धंद्यात डोळे पडणं म्हणतात. नुसत्या पुसण्यानं ते जात नाही. रंग काढायचा, सिलिकॉन उतरवणाऱ्या खास द्रावणानं पत्रा धुवायचा, दर वेळी नवं फडकं घ्यायचं. जुनं फडकं वापरलं तर तेच तेल दारभर पसरतं.

काकांनी स्प्रेचा आरोप साफ फेटाळला. "मी सीटला मारला. दाराला गेला असेल तर तो त्याचा त्यानं गेला."

याच सुमारास एका हितचिंतकानं सुचवलं की गाडीला पन्नास वर्षं झाली आहेत, तर ती व्हिंटेजमध्ये नोंदवा. २०२१ सालच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी तशी नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र मग ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मी यादी पुन्हा वाचली. पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. आमच्या गाडीचा सगळा प्रवास तसाही याच दोन ठिकाणांमधला आहे. वीस हजार मात्र चाचांकडे अडकलेले.

आता दाराच्या पुठ्ठ्याकडे येतो. दाराच्या आतल्या बाजूला हार्डबोर्ड असतो, त्यावर रेग्झिन, आणि तो पत्र्याला क्लिपांनी बसवलेला. डावीकडच्या दाराचा हा हार्डबोर्ड खालून फुगला. क्लिपा टपाटप सुटल्या आणि एका वळणावर अख्खा पुठ्ठा काच फिरवायच्या हँडलला लोंबकळत बायकोच्या मांडीवर आला. काकांनी नवा बसवला. तो पुढच्या पावसात फुगला. काकांनी त्याला मागून व्हार्निश मारून तिसरा बसवला. तोही फुगला, जरा सावकाश. काका म्हणाले, रंगाची वाफ लागते. चाचा म्हणाले, पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा आहे.

मग एक आवाज सुरू झाला. सिग्नलला ब्रेक मारला की डावीकडून 'डुचुक'. गाडी सुटली की पुन्हा 'डुचुक'. मी टाकी तपासली, रेडिएटर तपासला, डिकीत पाण्याची बाटली आहे का पाहिलं. मेकॅनिकनं गाडी चालवून पाहिली आणि इंजिनाचा आवाज नाही एवढं सांगून हात झटकले.

सासूबाईंना एका लग्नाला घेऊन चाललो होतो. स्वारगेटच्या सिग्नलला डुचुक झालं. त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "जावईबापू, दारात पाणी साठलंय."

"दारात?"

"काचेच्या खाचेतून पाऊस आत जातोच. दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात, त्यातून बाहेर पडतं. आमचे हे दर पावसाळ्याआधी खराट्याची काडी घालून ती मोकळी करायचे. भोकं आहेत ना?"

लग्नाला उशीर होऊ नये म्हणून तेव्हा पाहिलं नाही. परत आल्यावर दाराखाली हात फिरवला. गुळगुळीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुंदर, सलग, गुळगुळीत.

चाचांना फोन केला. "हो साहेब," ते आनंदानं म्हणाले, "चारी दारांना खाली भोकं पडली होती गंजानं. सगळी लांबीनं बुजवली, वरून काळा कोट मारला. बिलात लावलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी गल्लीत दोघांनाही एकत्र उभं केलं. चाचा दाराखाली आडवे झाले, अंदाजानं जागा धरली आणि ड्रिल लावलं. लांबीचा भुगा आला, मग गंजलेलं तांबूस पाणी आलं, आणि येतच राहिलं. चाचांच्या बाहीत गेलं, काकांच्या चपलांखालून गटाराकडे निघालं. त्यात एक क्लिपही वाहून आली. नाना पेठेत मी जी शोधत होतो ती.

काकांचा चेहरा उजळला होता. तीन पुठ्ठ्यांचा कलंक धुऊन निघाला होता. ते काही बोलणार एवढ्यात चाचा अंग झटकत उठले आणि म्हणाले, "कंपनीचीच चूक आहे. दाराला भोकं ठेवतात का कुणी?" काकांनी क्षणभर विचार केला. "ते मात्र खरं," ते म्हणाले. "आणि पुठ्ठा पण कंपनीचाच. मी फक्त मापाचा कापला."

ड्रिल निसटल्यानं दाराच्या कडेचा रंग नखाएवढा उडाला होता. चाचांनी तो बघितला. तेवढ्यापुरता हात मारला तर डाग दिसेल, अख्खं दारच घ्यावं लागेल, असं त्यांचं मत पडलं. दार घ्यायचं तर आतला पुठ्ठा काढायला हवा, हे काकांनी लगेच जोडलं. पुठ्ठा काढलाच आहे तर चारी दारांचे बदलून टाकू. चारी दारं उघडी आहेतच तर चारी रंगवून टाकू. इतकी वर्षं एकमेकांशी न बोललेले ते दोघं बॉनेटला टेकून हिशेब मांडायला लागले. चहा कुणी सांगितला ते कळलं नाही; पण पोऱ्या ग्लास ठेवून थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.