'९८ अंशांच्या आत सगळे सुरक्षित' हे खरे नाही

इंटेलचा कोअर आय७-२६००के हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आला आणि आजही अनेकांच्या घरी चालू आहे. तो ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्यांना, एक सल्ला सर्रास दिला जातो: 'कंपनीनेच ९८ अंश सेल्सिअसची मर्यादा दिली आहे, तोवर बिनधास्त चालवा, जास्त तापला तर तो स्वतःच वेग कमी करेल, आणि इतकी वर्षे टिकला, म्हणजे पुढेही टिकेल.' हा सल्ला मला धोकादायक वाटतो.

९८ हा आकडा खरा आहे, पण त्या तापमानाला चिप स्वतःला वाचवू लागते. ते रोज तासन्‌तास गाठायचे तापमान नव्हे. त्याच कंपनीने चिपच्या धातूच्या झाकणासाठी ७२.६ अंशांची मर्यादा दिली आहे, आणि तीही ९५ वॉटच्या भाराला. झाकणाचे तापमान आणि आतल्या कोअरचे, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणाऱ्या भागाचे, तापमान यांची थेट तुलना करता येत नाही, हे मान्य. तरी मूळ आराखडा किती उष्णतेचा होता ते त्यावरून कळते. चारही कोअरचा वेग ३.५ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर नेले, तर वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे ६३ टक्के जास्त लागते. कंपनीची हमी या स्थितीसाठी नव्हतीच.

वेग आपोआप कमी होतो, हेही खरे. पण त्याने चिप जळण्यापासून वाचते, झिजण्यापासून नाही. प्रवाहाच्या रेट्याने तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकतात आणि तापमान वाढेल तशी ही क्रिया झपाट्याने वाढते. ट्रान्झिस्टरही जुने होतात आणि त्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज मागू लागतात. माझा स्वतःचा २६००के कित्येक वर्षे १.३२ व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झने बिनतक्रार चालला. मग व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना निळा स्क्रीन येऊ लागला आणि १.३५ दिल्यावरच थांबला. त्यामुळे उष्णता वाढली, म्हणजे पुढची झीजही वाढली. 'इतकी वर्षे टिकला' या युक्तिवादात नेमके हेच सुटते: सुरुवातीला हाताशी असलेली मोकळीक त्या वर्षांत खर्च झालेली असते.

खोलीच्या तापमानाचा तर या सल्ल्यात उल्लेखच नसतो. भार आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर कोअर खोलीपेक्षा साधारण तितकेच अंश वर राहते. म्हणून डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, ९५ च्या आसपास जातो. हिवाळ्यात केलेली चाचणी आपल्याकडे अर्धीच म्हणावी लागते.

माझ्या मते जुन्या २६००केसाठी दीर्घ भाराखाली, तेही भर उन्हाळ्यात, ८० अंश आणि १.३५ व्होल्ट ही वरची हद्द धरावी. व्होल्टेजला हात लावण्याआधी मात्र प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर काढून पाहावा. माझ्या कूलरखालची, चिपची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारी पेस्ट खडूसारखी कोरडी होऊन नखाने निघत होती आणि चारपैकी एक प्लास्टिकची खुंटी मदरबोर्डात नीट बसलेलीच नव्हती. पेस्ट बदलून आणि खुंटी बसवून त्याच भाराला ११ अंश कमी झाले.