बांधावरच्या झाडाचे पैसे: खुलासा

यवतमाळ-वर्ध्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरतंय: ‘५०० रुपये भरा, बांधावरच्या झाडामागे दरवर्षी कार्बनचे पैसे मिळवा.’ वर हिरवं पान, पृथ्वीचा गोळा, कोपऱ्यात चक्क भारत सरकारची सिंहांची राजमुद्रा. दावा चुकीचा आहे. कार्बनचे पैसे म्हणजे कार्बन क्रेडिट विकून येणारे पैसे, आणि क्रेडिट झाडं मोजून मिळत नाही. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड कमी झाला किंवा शोषला गेला, आणि ते त्रयस्थ संस्थेनं तपासलं. आजोबांनी लावलेलं कडुनिंब त्यात सहसा बसत नाही. क्रेडिट नसतं तरी ते उभंच असतं ना, मग क्रेडिटमुळे नवीन काय झालं! राजमुद्रेचं म्हणाल, तर खासगी जाहिरातीत ती अशी वापरायला २००५ च्या कायद्यानं बंदी आहे. पान काय, कुणीही काढतं. पैसे भरून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.