पार्किंगमधलं क्रिकेट

काल परत फॅमिली ग्रुपवर तेच सुरू झालं. कोथरूडला दादाच्या सोसायटीत नोटीस लागली, पार्किंगमध्ये क्रिकेट बंद, कुणाच्यातरी गाडीची काच फुटली म्हणे, आणि नोटिशीच्या फोटोखाली दादाचाच मेसेज, "हल्लीच्या पोरांना खेळायचंच नसतं, मोबाईल सुटत नाही." अरे पण नोटिशीवर सेक्रेटरी म्हणून सही तुझीच आहे ना? मी तसं लिहिलं तर काका म्हणाले, "तुला तिथे बसून बोलायला काय जातंय." तेव्हापासून डोकं फिरलंय.

बरं, इथे सिडनीत काय आहे ते तर ऐका. शनिवारी सकाळी आठला ओव्हल, म्हणजे इथलं खेळाचं मैदान, दवाने ओला असतो, सहा-सात वर्षांची पोरं चार-चारच्या टीम करून सॉकर खेळतात, गोल मोजत नाहीत (आईबाप गुपचूप मोजतात), हाफटाईमला संत्र्याच्या फोडी, आणि माझी कॅन्टीन ड्युटी असली की शंभरेक सॉसेज मी भाजतो, मी, ज्याला आईने कधी गॅसजवळ उभं केलं नाही. कोच म्हणजे कुणाचातरी बाबा, पेशाने प्लंबर, एक पैसा घेत नाही.

आणि तिकडे माझी पुतणी. खो-खोत चांगली होती, आठवीत सोडलं. का, तर मैदानावर टॉयलेट नाही. संध्याकाळच्या प्रॅक्टिससाठी या मुली दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत, आणि मग ऊन लागून चक्कर आली की सर म्हणणार स्टॅमिना नाही. आता तिलाही मोबाईलचंच कारण लावणार का?

हे सगळं मी टाइप करत होतो तर बायको म्हणाली, ब्रह्मज्ञान पाजळतोयस ते ठीक, पण रेगोचे, म्हणजे क्लबच्या रजिस्ट्रेशनचे, पैसे भरताना कसा कुरकुरतोस तेही लिही. तेही खरंच. फी, बूट, शिनपॅड मिळून आकडा बघितला की घाम फुटतो. 2018 साली इथल्या राज्य सरकारने शाळकरी मुलांना 100 डॉलरचं व्हाउचर सुरू केलं होतं, सगळ्यांना, उत्पन्न न विचारता. 2024 पासून ते 50-50 ची दोन झाली आणि तीही कमी उत्पन्नवाल्यांनाच. शनिवारी शिफ्ट असलेल्या, गाडी नसलेल्या आईबापांची पोरं ओव्हलवर मला फारशी दिसत नाहीत, आणि हे माझ्या लक्षातही उशिराच आलं.

त्यात काकांनी एक जुनी बातमी शोधून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांचे आकडे काढले होते, रोज तासभरसुद्धा हालचाल न करणारी मुलं भारतात साधारण 74 टक्के, ऑस्ट्रेलियात 89. म्हणजे आम्हीच मागे! आणि भारताचा आकडा त्यातल्या त्यात बरा का, तर त्यांच्या अंदाजाने पोरं गल्लीबोळात क्रिकेट खेळतात म्हणून आणि मुली घरकाम करतात म्हणून. दुसऱ्या कारणावर कुणी अभिमान बाळगू नये. पण पहिलं म्हणजे दादाचं पार्किंगच की.

आता खरं सांगायचं तर माझी लेक या वर्षी सॉकर खेळतच नाहीये. सिलेक्टिव्ह, म्हणजे हुशार पोरांच्या सरकारी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास शनिवारी सकाळीच असतो. आमच्या भागातली निम्मी देशी पोरं तिथेच असतात, बाहेर गाड्यांत आम्ही बाप लोक चहा पीत बसतो. कोचने विचारलं तर मी म्हणालो गुडघा दुखतोय तिचा. ती शेजारीच उभी होती, काही बोलली नाही. बाबांनी मला दहावीला नेमकं असंच मैदानावरून उचललं होतं, आणि मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो की म्हणून मी देश सोडला.

मागच्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा लेक रोज रात्री नऊपर्यंत त्या पार्किंगमध्ये असायची, ना रेगो, ना युनिफॉर्म, मराठी तोडकीमोडकी पण "आऊट नाहीये, टप्पा पडला" हे अगदी अस्खलित. एका स्कूटरचा इंडिकेटर तिनेही फोडला होता, पैसे दादाने भरले, मला कळूसुद्धा दिलं नाही. या डिसेंबरलाही तिकिटं काढलीत. आत्तापासून विचारतेय, बॅट इथून न्यायची का तिकडे आहे. नोटीस तिला अजून दाखवलेली नाही.