कापडाखालची जागा

मुलांचा खेळाचा वर्ग चालू असताना आम्ही पालक काचेच्या अलीकडे बसतो. बाकीचे मोबाईल बघतात, मी मुलगा बघतो. आठ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, कानावर आवाज अडवणारे हेडफोन. पहिले तीन आठवडे हा पठ्ठ्या भिंतीला पाठ लावून उभा. मी काचेतून खाणाखुणा करतोय, जा ना, पुढे हो, हात धर. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बरंच केलं.

बाकीची सगळी गोलात आणि आपलाच बाहेर, हे बघताना पोटात जे होतं ते लिहीत बसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

गंमत घरी आल्यावर कळायची. टाळ्यांचा क्रम, कोण कोणाशेजारी होतं, वर्ग घेणारी ताई कुठे चुकली, सगळं पाठ. भिंतीपाशी उभ्याउभ्या! मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी १९३२ साली मुलांच्या खेळात मिसळण्याचे सहा प्रकार मांडले होते. त्यात इतरांचा खेळ नुसता बघणं हाही एक प्रकार आहे, आणि शेजारी बसून आपापलं खेळणं हाही. त्यांनी पाहिलेली मुलं दोन ते पाच वर्षांची, माझा आठचा, पण वयाचा हट्ट मी केव्हाच सोडलाय.

आता माझी तक्रार. आधीच्या एका ठिकाणी, नाव नको, ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ म्हणून याला कार्यक्रमात उभं केलं. शेवटची रांग, मागून एका मदतनीसाने दोन्ही हात धरलेले, गाणं संपेपर्यंत हात वर-खाली. फोटो सुरेख आला. मुलगा त्यात कुठेच नव्हता. वर संपल्यावर अख्ख्या सभागृहाने फक्त त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कान झाकून तो खाली बसला. भल्या माणसांनो, इतरांना वाजवता तेवढ्याच वाजवा.

इथली ताई वेगळी आहे. चौथ्या आठवड्यात तिने मोठं रंगीत कापड आणलं. मुलांनी गोलात उभं राहून कडा धरायच्या आणि लाटा काढायच्या. आमचे चिरंजीव सरळ कापडाखाली जाऊन उताणे झोपले. मी बाकावरून अर्धा उठलो. ताईने त्याला ओढलं नाही, रागावलीही नाही. वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, “अरे, खालून मस्त दिसतंय! सगळ्यांना एकेक नंबर. तीस मोजेपर्यंत.”

झालं, रांग लागली. सामावून घेणं म्हणतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मुलगा तोच होता, खेळाचा नियम हलला होता.

सगळं गोड चाललंय असं नाही. गेल्या आठवड्यात त्याचा नंबर संपला तरी तो हलेना. एका मुलीने ठणकावलं, “ऊठ, आता माझा!” मग रडारड, हेडफोन फेकणं, सगळं. मी तसाच बसून राहिलो, अवघड होतं. पाचेक मिनिटांनी तो नाक पुसत आला आणि त्याने कडा धरली. एकाच हाताने.

परतताना बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “तिने चाळीस मोजेपर्यंत घेतला. मला तीसच.”

दुसऱ्या मुलाबद्दलची त्याची ही पहिली चुगली. आईला फोन करून सांगितली.