‘युनिक आयडिया’वाल्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘धंदा करायचाय? हे ५ नियम पाठ करा’ असा एक मेसेज सध्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, खाली रॉकेट आणि हात जोडलेले इमोजी. ज्यांच्यापर्यंत आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, आयडिया अशी पाहिजे जी जगात कुणीच केलेली नाही. दोन, अशी आयडिया एका क्षणात सुचते, उदाहरणार्थ पोस्ट-इट (त्या चिकटवून परत काढता येणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या). तीन, कुणाला सांगायची नाही, आधी पेटंट. चार, प्रॉडक्ट शंभर टक्के परफेक्ट झाल्याशिवाय बाजारात न्यायचं नाही. पाच, त्याआधी शंभर लोकांना ‘घ्याल का’ असं विचारून घ्यायचं. आणि शेवटी नेहमीचा टोमणा, मराठी माणसाला हे जमत नाही म्हणून तो नोकरी करतो. आमच्या ग्रुपवर नुकतीच नोकरी सोडलेल्या एका मुलाने याच्याखाली ‘एकदम बरोबर सर’ लिहिलं, म्हणून हे टायपायला घेतलं.

पहिला नियम आणि तो टोमणा एकत्रच घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडी नांगर ही काही जगात नवी गोष्ट नव्हती, बाहेरून येतच होते. नवं एवढंच की तो इथे बनायला लागला. त्याआधी बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर, अशी ती चढण आहे. आणि शेतकरी काय म्हणाले, तर लोखंडाने जमिनीला विष चढतं! म्हणजे वस्तू तयार, गरज समोर, तरी गिऱ्हाईक नाही. सुरुवातीचे नांगर खपायला बराच काळ गेला, त्यांच्या कारखान्याचं गाव किर्लोस्करवाडी तर १९१० चं. तसंच दांडेकरांचं, १९३१ मध्ये गिरगावात ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करायला लागले तेव्हा बाजारात विलायती शाई भरपूर होती, त्याच उद्योगाचं पुढे कॅमलिन झालं. निरमाचंही तेच, १९६९ मध्ये करसनभाई पटेल सायकलवरून पावडर विकायला लागले तेव्हा सर्फ येऊन दहा वर्षं झाली होती, फक्त ती ज्यांना परवडत नव्हती ती घरं कुणी मोजली नव्हती. कुणीच केलं नाही असं काहीतरी शोधत बसलात तर बहुतेक वेळा सापडतं ते असं, की ज्याची कुणाला गरजच नाही.

आता पोस्ट-इट. हे उदाहरण मेसेजवाल्याने स्वतःच्याच विरोधात दिलंय. १९६८ मध्ये थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचा केमिस्ट भक्कम गोंद करायला गेला आणि झाला भलताच कच्चा गोंद, चिकटतो पण सहज निघतो, परत चिकटतो. बरं, मग? मग काहीच नाही. हा माणूस कित्येक वर्षं कंपनीतल्या लोकांना तो गोंद दाखवत फिरला, त्याच्या डोक्यात होता नोटीस बोर्ड, ज्याच्यावर टाचणीशिवाय कागद चिकटतील, आणि नोटीस बोर्ड लोक वर्षाला किती घेणार? १९७४ मध्ये त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गायचा, भजनाच्या पुस्तकात खुणेला ठेवलेले कपटे सारखे पडायचे, त्याला हा गोंद आठवला. सगळे गोष्ट इथेच संपवतात. पण गोंद कागदाचा सुटून पुस्तकाच्या पानाला लागत होता! त्यासाठी कागदावर आधी द्यायचा वेगळा थर शोधावा लागला, ते काम दुसऱ्याच लोकांनी केलं आणि त्यांची नावं कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतात. पिवळा रंगही कुणी अभ्यास करून निवडला नव्हता, शेजारच्या लॅबमध्ये पिवळा रद्दी कागद पडला होता, तो वापरला. १९७७ मध्ये चार शहरांत ‘प्रेस अँड पील’ नावाने विकायला काढलं तर लोकांनी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण ऐकून हे काय आहे ते कळतच नव्हतं. पुढच्या वर्षी बॉइझी शहरातल्या ऑफिसांत फुकट वाटलं, आणि वापरून बघितलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक विकत घेऊ म्हणाले. अख्ख्या अमेरिकेत विक्री १९८० मध्ये. एका क्षणाला बारा वर्षं लागली.

यातच चौथा नियमही गेला, परफेक्टवाला. तरी एक जवळचं सांगतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या ओळखीच्या एक ताई कोकम आगळ, म्हणजे सोलकढीला लागणारा कोकमाचा रस, करतात, रातांब्याची (कोकमाच्या फळाची) सालं, मीठ, बास, घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, म्हणजे वस्तू म्हणून परफेक्टच म्हणा ना. पुण्याला प्रदर्शनात ठेवलं तर चाखून सगळे ‘वा, काय सुंदर’, घेणारे थोडे, आणि ज्यांनी नेलं त्यातल्या काहींचे फोन आले की सोलकढी खारट झाली. का, तर आगळात मीठ असतंच हे कोकणाबाहेरच्या माणसाला कुठून माहीत असणार, त्याने सवयीने वरून घातलं. ताईंनी आगळाला हातच लावला नाही, लेबल बदललं. मोठ्या अक्षरात ‘यात मीठ आहे, वेगळं घालू नका’, खाली नारळाच्या दुधाला किती चमचे ते, आणि लिटरच्या जोडीला छोटी बाटली, कारण चौघांच्या घरात लिटरभर आगळ कोण संपवणार. ही सुधारणा घरात बसून सुचलीच नसती, घरात सगळ्यांना माहीतच होतं की मीठ असतं!

‘घ्याल का’ विचारण्याबद्दल तर वेगळं लिहायलाच नको, आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं? त्यापेक्षा आत्ता कसं भागवता, त्यात किती पैसे जातात, शेवटचं कधी अडलं होतं, हे विचारा, माणूस तासभर बोलतो. आणि कुणाला सांगायचं नाही पण शंभर जणांना विचारायचं, हे दोन्ही एकदम कसं करायचं ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

राहिलं पेटंट. नुसत्या आयडियाला पेटंट मिळतच नाही. वस्तू किंवा प्रक्रिया नवी हवी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारी नको, उद्योगात वापरता येणारी हवी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात धंद्याची पद्धत शोध मानतच नाहीत, आणि परंपरेने चालत आलेलं ज्ञानही नाही, म्हणजे आजीच्या मसाल्याचं पेटंट विसरा, नावाचा ट्रेडमार्क घ्या. खरंच तांत्रिक शोध लावला असेल तर मात्र जगाला दाखवायच्या आधी अर्ज करा, इथे मेसेजवाला चुकून बरोबर आहे, कारण आधी जाहीर केलंत तर नवेपणावरच गदा येऊ शकते. सुरुवातीला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, तेवढ्या काळात लोकांच्या हातात देऊन बघता येतं. बाकीच्यांनी वकिलाकडे जायच्या आधी अनोळखी दहा जणांना पैसे घेऊन विकून बघा. ओळखीचे नकोत, ते भिडेखातर घेतात.