रजेवर जाताना मेलला मोकळं सोडा

नोकरी लातूरच्या डाळमिलमध्ये, मामेबहिणीचं लग्न वसमतला. मग निघण्याआधी मेलला आपोआप उत्तर लावाच: "मी रजेवर आहे, आल्यावर कळवतो." ते कोणाला जावं, कोणाला नाही, याचा काथ्याकूट करू नका. आलेल्याला विन्मुख पाठवणं आपल्या मराठवाड्यात बसत नाही.

जालन्याच्या बारदानवाल्याकडंही असंच काही बसवलेलं असलं तर लईच उत्तम. तो म्हणणार, "तक्रार मिळाली, क्रमांक अमुक." तुमचं उत्तर, "रजेवर आहे." त्याच्या लेखी ही नवी तक्रार, म्हणून नवा क्रमांक. दोन व्याही एकमेकांच्या ताटात जिलेबी वाढताहेत, आणि 'पुरे' म्हणणं दोघांच्याही घराण्यात नाही.

२००४ साली आरएफसी ३८३४ नावाचा, मेलला आपोआप उत्तरं कशी द्यावीत ते सांगणारा दस्तऐवज निघाला, तो चुकूनही उघडू नका. त्यात म्हणे, आपोआप जाणाऱ्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळींत, 'ऑटो-सबमिटेड: ऑटो-रिप्लाइड' (हे आपोआप गेलेलं उत्तर आहे) असं लिहावं आणि समोरून तसंच काही आलं तर गप बसावं. एकाच माणसाला दुसरं उत्तर द्यायला सात दिवस जाऊ द्यावेत. सात दिवस! तोवर पाहुणे रुसून बसतील त्याचं काय?

मेल पोहोचला नाही असं कळवणाऱ्या मेलवर परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात, उलट उत्तर येऊ नये म्हणून. तुम्ही 'फ्रॉम'ची ओळ हुडकून मेलर-डिमनलाही, म्हणजे ती खबर धाडणाऱ्या सर्व्हरच्या प्रोग्रॅमलाही, रजेची खबर द्या. त्याला तरी कोण विचारतं?

एखादा शहाणा सांगेल की सर्व्हर 'रिसीव्ह्ड'च्या ओळी मोजतो, म्हणजे वाटेतला प्रत्येक सर्व्हर मेलवर जी एकेक ओळ चढवतो त्या. पोस्टफिक्स नावाच्या मेल-सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये तर मुळातच ५० ची मर्यादा असते, घाबरायचं काहून? त्याच्या भरवशावर खुशाल हळदीला बसा. ती मोजणी एकाच मेलची. तोच मेल फॉरवर्ड होत गरगर फिरायला लागला तर ती त्याला अडवते. तुमचं प्रत्येक उत्तर मात्र नवंकोरं, त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हरच्या दृष्टीनं दोन भले लोक सारखा पत्रव्यवहार करताहेत, बस्स.

परत आल्यावर सगळे मेल एकदम निवडून माफीचा मेल टाका. ऑफिसच्या सामाईक पत्त्यालाही एक प्रत जाऊ द्या. साहेब कालच रजेवर गेलेत, आणि जाताना त्या पत्त्यालाही आपोआप उत्तर लावून गेलेत.